उघड्या पोटाची गोधडी

फोटो टाकायचा की नाही, यावरून आमच्या घरात पौष महिन्यापासून भांडण पेटलं होतं आणि त्या भांडणात मी चुकीच्या बाजूला होते. हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी तोंड वर करून मला ऐकवायला नको, की मंगल, तूच तर म्हणाली होतीस.

मी उत्रोलीला राहते. भोरच्या बाजारपेठेत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन मशिनी, एक आरसा आणि दारात टांगलेले चार नमुने. एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली. नवीन गळा शिवून दारात टांगला, की तिसऱ्या दिवशी समोरच्या दुकानात तोच गळा लागतो. वर ती बाई मलाच विचारते, "हा कुठं बघितला गं तू?" म्हणून चांगला नमुना मी कपाटात ठेवते. गिऱ्हाईक आत आलं, बसलं, पाणी प्यालं, की मगच बाहेर काढते. दाखवलं की गेलं, हे माझं धोरण. त्याच धोरणानं मला तोंडावर पाडलं.

गोधड्या माझ्या नाहीत, माझ्या नणंदेच्या. भागूबाई त्यांचं नाव, मी वन्सं म्हणते. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, वेल्ह्याच्या पुढं पासलीला दिलेली. दाजी, म्हणजे चिमाजी, आणि त्या, असे दोघंच घरात. पावसाळाभर भात, भाताची मळणी आटपली की सुई. माझ्या दुकानातल्या कापडाच्या तुकड्यांची गोणी दोन महिन्यांनी एसटीनं पासलीला जाते. गोणी पोचली की वन्संचा फोन येतो, "भावजयीचा आहेर मिळाला बरं का. ह्या खेपंला बी चिंध्याच हायेत." मी म्हणते, "तुमच्या भावानं दुसरं काय ठेवलंय माझ्यापाशी?" मग दोघी हसतो. आमचं असं चालायचं.

मार्गासनीपासून पासलीपर्यंत वन्संच्या हातची गोधडी नाही असं गाव सापडायचं नाही. लेकीच्या लग्नात, सुनेच्या बाळंतपणात, जुनी लुगडी नेऊन टाकायची आणि म्हणायचं, भागूबाई, तेवढी गोधडी करून द्या. त्या करून देतात. आणि त्या घरात जाऊन विचारा, ही गोधडी कुणाची? तर उत्तर येतं, "ही आमच्या धाकटीच्या लग्नातली." शिवली कुणी, हे कुणी सांगत नाही. ब्लाऊजच्या आत निदान माझ्या दुकानाची पट्टी तरी असते. वन्संना त्याचं काही वाटत नाही, असं मी धरून चालले होते. माणूस बोलत नाही म्हणजे त्याला काही वाटत नाही, असं आपण आपल्या सोयीनं ठरवतो.

गेल्या दिवाळीनंतर पुण्याची एक बाई मढे घाट बघायला आली होती. परत जाताना तिनं पासलीत दगडी कुंपणावर वाळत घातलेल्या गोधड्या बघितल्या आणि गाडी थांबवली. राजनंदिनी नाव. चाळिशीची, सुती साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलणं साखरेत घोळलेलं. पुण्यात ती हातमागाच्या, हातशिवणीच्या वस्तूंची प्रदर्शनं भरवते. वन्संनी माझा नंबर दिला, कारण मोबाईलवर परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की त्यांना माझी आठवण होते. आठवड्यानं बाई माझ्या दुकानात हजर.

"मंगलताई, भागूबाईंची गोधडी मला मार्चमधल्या प्रदर्शनात लावायची आहे. भिंतीवर. त्यांच्या नावाचा बोर्ड. त्या स्वतः तिथं बसून शिवतील, लोक बघतील. फक्त एक विनंती आहे. तोवर तिचा एकही फोटो बाहेर जायला नको. मोबाईलवर फिरून आलेली वस्तू बघायला दालनात कोण येणार?"

आता मला सांगा, ज्या बाईनं एकवीस वर्षं नमुने कपाटात कोंडले, तिला हे पटणार नाही तर काय होणार? मला वाटलं, बाईला धंदा कळतो.

वन्संना मी हे सांगितलं तेव्हा त्या चुलीपुढं बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "नावाचा बोर्ड म्हंजे केवढा?"

"आसंल की हातभर."

"मराठीत लिवत्याल का विंग्रजीत?"

"मराठीत सांगते लिहायला."

मग त्यांनी प्रांजलला हाक मारली. प्रांजल माझी मुलगी, भोरला कॉलेजात आहे, आणि आत्या म्हटलं की जीव टाकते. वन्संना सही येते. प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही, रेशनच्या दुकानात करतात तेवढी. पण छापलेली अक्षरं त्यांना लागत नाहीत. त्यांनी प्रांजलला वहीच्या पानावर आपलं नाव मोठ्ठं, पुस्तकातल्यासारखं लिहून द्यायला लावलं. ते पान त्यांनी फडताळाच्या दाराला आतून चिकटवलं. "तितं गेल्यावर वळकाय याया नगं का?" म्हणाल्या. चाळीस वर्षं न बोललेली गोष्ट मला त्या दिवशी कळली.

प्रदर्शनासाठी त्यांनी नवी गोधडी धरली. माझ्या लग्नातला जुना शालू, दाजींची धोतरं, आईंचं म्हणजे माझ्या सासूबाईंचं हिरवं इरकल, आणि वर माझ्या दुकानातले लाल-पिवळे तुकडे. इथं गोधडी कशी शिवतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा प्रकार कळायचा नाही. गोधडीचा टाका कडेनं सुरू होतो. चारी बाजूंनी फिरत फिरत, एकात एक असे चौकोन करत शिवण आत सरकते. कापडाला पडलेली चुणी टाक्याटाक्यानं पुढं ढकलत मध्यावर न्यायची असते. शेवटी मध्ये पंज्याएवढा चौकोन उरतो. त्याला पोट म्हणतात. ते पोट एकदम शिवत नाहीत. एक-दोन दिवस गोधडी तशीच पसरून ठेवतात, सगळ्या चुण्या हातानं तिथं आणून सोडवतात, मग घरचे चार तांदूळ आत घालून पोट बंद करतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. आणि पोट उघडं असेपर्यंत गोधडी बाहेरच्या माणसाला दाखवायची नाही. तिचं अजून काही ठरलेलं नसतं, असं वन्सं म्हणतात.

आणि नेमकी त्याच दिवशी राजनंदिनीबाई आली. जानेवारीतला रविवार. मी आणि प्रांजल पासलीलाच होतो. गोधडी आतल्या खोलीत पसरलेली, पोट उघडं. बाई ओसरीवर बसली आणि म्हणाली, "बघू ना, कुठवर आलंय."

वन्संनी हात जोडले. "दोन दिस थांबा ताई. परवा पोट भरते, मग बघा निवांत."

"अहो, मी पुण्याहून आलेय. परवा परत कशी येऊ?"

वन्सं गप्प बसल्या. गप्प बसणं हाच त्यांचा नकार असतो, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. तरी मी म्हणाले, "दावा की वन्सं. ताई आता काय परक्या हायेत व्हय? आपलंच काम करत्यात त्या." माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. वन्संनी माझ्याकडं एकदा बघितलं, दाराचा पडदा बाजूला केला आणि स्वतः परसात निघून गेल्या. बाईनं खुर्चीवर चढून वरून फोटो काढले. चांगले वीस-पंचवीस. रेकॉर्डसाठी, म्हणाली. जाताना मला पुन्हा बजावलं, "तेवढं फोटोचं लक्षात ठेवा हं ताई."

तिसऱ्या दिवशी पोट भरलं. प्रांजलनं त्याचा व्हिडिओ केला. वन्संचा हात, तांदूळ, टाका, शेवटची गाठ, आणि "झाली बया एकदाची" असं म्हणून त्यांनी बोटं कडाकडा मोडली ते सगळं. उत्रोलीला आल्यावर पोरगी म्हणाली, "आई, हा मी टाकते. आत्याचं नाव, पासलीचं नाव, आजची तारीख."

"अजिबात न्हाई."

"अगं, एकदा टाकलं की ते सगळ्या जगाला माहीत होतं. कुणी म्हणू शकत नाही की माझं आहे."

"आणि समोरच्या दुकानासारखं कुणी उचललं म्हंजे?"

"कुणी उचललं तरी पहिलं कुणाचं ते दिसतं ना! तू कपाटात ठेवतेस, म्हणून तर ती बाई तुझाच गळा तुलाच दाखवते."

हे मला झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. मी म्हणाले, लई शानी झालीस, दोन बुकं शिकली न्हाई तवर आईला धंदा शिकवती. वन्संचं नाव आयुष्यात पहिल्यांदा बोर्डावर लागायची वेळ आली आहे आणि ही पोरगी दोन लाईकसाठी त्यात बिब्बा घालणार. आठ दिवस आमचं बोलणं बंद होतं. शेवटी मी समोर उभं राहून तिला व्हिडिओ पुसायला लावला. फोटोही. ती रडली. मी म्हणाले, रड, पण पुस. माझ्या नवऱ्यानं, ज्ञानूनं, मध्ये तोंड घातलं तर त्यालाही गप्प केलं. एवढा पराक्रम करून मी त्या दिवशी समाधानानं जेवले.

फेब्रुवारीत बाईची गाडी येऊन गोधडी घेऊन गेली. एका छापील कागदावर वन्संची सही घेतली. प्रदर्शन संपेपर्यंत वस्तू दालनात राहील, असं काहीतरी. वन्संनी सही जपून, सावकाश केली.

प्रदर्शन उघडलं त्या सकाळी आम्ही तिघी निघालो. वन्सं आदल्या दिवशीच उत्रोलीला आल्या होत्या. अंगावर नवं नऊवारी, पिशवीत सुया, दोरा, कात्री, आणि लोकांपुढं शिवायला घ्यावी म्हणून अर्धी धरलेली लहानशी गोधडी. भोर-स्वारगेट गाडीत त्या खिडकीशी बसल्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, "लोकांनी काय इचारलं तर तू बोल. टाक्याचं इचारलं तर मी बोलंन."

दालनात शिरलो. गार हवा, पांढऱ्या भिंती, दारातच मोठा फलक. वन्सं फलकापुढं थांबल्या. बोट न लावता, नुसत्या डोळ्यांनी एकेक अक्षर चाचपत त्यांनी तो फलक वरून खालपर्यंत बघितला. मग पुढच्या पाटीपाशी गेल्या. तिसऱ्या पाटीपाशी गेल्या. मी तोवर पहिलाच फलक वाचला होता. त्यावर लिहिलं होतं: 'शून्य. संकल्पना आणि निर्मिती: राजनंदिनी.'

"हितं बी न्हाई," वन्सं मागं वळून म्हणाल्या. "पुढं आसंल."

पुढं भिंतीवर ओळीनं सहा गोधड्या टांगलेल्या होत्या. मशीनवर शिवलेल्या, हे मला दहा पावलांवरून कळलं. एकवीस वर्षं मशीन मारतेय मी. टाका टिपेसारखा एकसारखा, कापड कोरं करकरीत. पण रंग? लाल, पिवळा, आणि कडेला हिरवा. एकात एक चौकोनही तसेच. आणि सहाच्या सहा गोधड्यांच्या मधोमध पंज्याएवढा चौकोन मोकळा. एकही टाका नाही. चुणीसुद्धा तशीच, फुगीर.

आधी मला कळेचना. मग कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. या बाईनं फोटो दाखवून कुणाकडून तरी गोधड्या शिवून घेतल्या होत्या. आणि फोटो कुठल्या दिवशीचा, तर पोट उघडं होतं त्या दिवशीचा! शिवायचं राहिलेलं तिनं नक्षी म्हणून उतरवून घेतलं होतं.

चष्मेवाले दोघं-तिघं त्या मोकळ्या चौकोनापुढं मान तिरकी करून उभे होते. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, ते प्रांजलनं आत्याला वाचून दाखवलं. "मधला रिकामा चौकोन म्हणजे ग्रामीण स्त्रीच्या आयुष्यातली पोकळी. तिचं न उच्चारलेलं मौन."

"कुनाच्या आयुष्यातली?" वन्संनी विचारलं.

"तुझ्या, आत्या. तुझ्यासारख्या बायकांच्या."

"माझ्या आयुष्यात कसली पोकळी? म्या म्हनलं व्हतं तिला, दोन दिस थांब."

वन्संची खरी गोधडी आम्हाला सापडली ती चहाच्या टेबलाजवळ. भिंतीवर नाही. एका लाकडी घोडीवर वाळत घातल्यासारखी टाकलेली. पोट भरलेली, गाठ मारलेली, सासूबाईंच्या इरकलाची कड खाली लोंबत होती आणि वर, घोडीच्या आडव्या फळीवर आलेल्या भागावर, कुणीतरी कागदी कप ठेवला होता. कडेला बोटभर चिठ्ठी: 'स्थानिक प्रेरणा.' बस. नाव नाही, गाव नाही. मी तो कप उचलून टेबलावर आपटला. चहा सांडला, सांडू दे.

तेवढ्यात प्रांजलनं मोबाईल माझ्यापुढं धरला. बाईचं पान तिनं शोधून काढलं होतं. वर वन्संची गोधडी, खुर्चीवर चढून काढलेला फोटो, पोट उघडं. खाली 'माझं नवं काम' असं लिहिलेलं. तारीख जानेवारीतली. बाई पासलीहून गेली त्याच्या चौथ्या दिवसाची. म्हणजे मी माझ्या पोरीला रडवून व्हिडिओ पुसायला लावला, तेव्हा ही इकडं हजारो लोकांकडून वाहवा घेत होती! फोटो बाहेर जायला नको, ही अट फक्त आम्हाला होती.

राजनंदिनीबाई हसत हसत आलीच. "अरे वा, मंगलताई! भागूबाई! कसं वाटलं?"

"कसं वाटायचं?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "बोर्ड कुठाय?"

"कसला बोर्ड?"

"हातभर बोर्ड. भागूबाई नावाचा."

"ताई, हळू बोला, पाहुणे आहेत. हे बघा, गोधडी ही परंपरा आहे. परंपरेवर कुणा एकाचा हक्क नसतो. मी ती प्रेरणा घेतली आणि तिला नवा विचार दिला."

"इचार? त्यो चौकोन तुमचा इचार हाय?" मी त्या चष्मेवाल्यांकडं वळले. लाज, भीड सगळी गुंडाळून ठेवली. "दादा, ताई, जरा हिकडं या. ह्ये काय मौन-बिन न्हाई. गोधडी कडंनं आत शिवत येत्यात. शेवटाला मदी येवढा तुकडा ऱ्हातो, त्यो एक-दोन दिसांनी शिवायचा आसतो. ह्या बाई त्येच्या आधीच येऊन फोटो काढून गेल्या. तिथंच फसल्या. ही बघा पुरी झालेली, हात लावून बघा मधे. आणि ही त्यांची सहा. शिवायचीच ऱ्हायलीत!"

एका म्हाताऱ्या बाईंनी खरंच खरी गोधडी हातात धरली, मध्यावर बोटं फिरवली, मग भिंतीवरच्या गोधडीकडं बघितलं आणि खुदकन हसल्या. त्या हसण्यानं राजनंदिनीबाईचा चेहरा उतरला. साखर संपली.

"तुमच्याकडे काय पुरावा आहे?" ती म्हणाली. "माझ्या पानावर जानेवारीपासून आहे हे. तुम्ही कुठं काय टाकलंय? दाखवा ना."

तिच्याच सांगण्यावरून काही टाकलं नव्हतं आणि आता तीच विचारत होती, दाखवा ना. प्रांजलनं माझ्याकडं बघितलं नाही, हे तिचे उपकार. बघितलं असतं तर मी तिथंच रडले असते. राग कुणाचा जास्त आला होता, त्या बाईचा की माझा, हे मला आजही सांगता येणार नाही. परसात निघून गेलेल्या वन्संची पाठ माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली.

बाईनं तेवढ्यात पर्समधून पेन काढलं. "बरं, चिडू नका. चिठ्ठीवर खाली भागूबाईंचं नाव लिहिते. झालं?"

इतका वेळ वन्सं गोधडीवरचा चहाचा डाग पदरानं पुसत होत्या. त्यांनी डोकं वर केलं. "नगं," म्हणाल्या. गोधडी घोडीवरून ओढली, झटकली आणि घडी घालायला लागल्या. घरात घालतात तशी, एक टोक हनुवटीखाली धरून.

"भागूबाई, प्रदर्शन संपेपर्यंत ती नेता येणार नाही. तुम्ही कागदावर सही केली आहे."

वन्संचे हात थांबले. "व्हय. केली म्या सही," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "म्हंजे माझं नाव हाय की तुमच्यापाशी. माझ्याच हातानं लिवून दिल्यालं. मंग भितीवर का न्हाई घातलंत?"

पेन तिच्या हातात तसंच राहिलं. चष्मेवाला एक जण म्हणाला, "बरोबर विचारतायत त्या." बाकीचे आमच्याकडं बघत होते. भिंतीवरच्या सहा गोधड्यांकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

"प्रांजल," मी म्हणाले, "टाक फोटो. आत्ताच्या आत्ता टाक. मी पुसायला लावला व्हता, मीच सांगते, टाक."

प्रांजलनं मोबाईल वर धरला. "आत्या, गोधडी उलगड ना जरा. पूर्ण दिसू दे."

"थांब पोरी," वन्सं म्हणाल्या. "गोधडीचा फोटो त्यांच्यापाशी बी हाय. त्येनं काय झालं? माझा काढ."

त्यांनी घडी मोडून गोधडी दोन्ही खांद्यांवरून घेतली, पदर डोक्यावर नीट केला आणि चालत जाऊन त्या दारातल्या मोठ्या फलकापुढं उभ्या राहिल्या. बारीक चणीची बाई, पण मागचं 'राजनंदिनी' सगळं झाकलं गेलं. नुसतं वरचं 'शून्य' दिसत होतं. वन्सं तशा एका पायावर भार टाकून उभ्या राहतात, पण त्या वेळी सरळ उभ्या होत्या.

राजनंदिनीबाई धावत आली. "इथं फोटो काढायला मनाई आहे. पाटी लावलीय तिथं. वस्तूंचे फोटो काढता येणार नाहीत."

"वस्तूंचं आसंल," वन्सं म्हणाल्या. "मी काय तुमची वस्तू न्हाई. काढ गं प्रांजल. आन् खाली लिव, ही भागूबाई, पासलीची, वेल्हे तालुका. गोधडी हिनं शिवली."

प्रांजलनं फोटो काढला, सांगितलं तसं लिहिलं आणि तिथंच उभ्या उभ्या टाकला.